गुलाबी फुलांचा लसूण: रोझी गार्लिक ठेवावा की सोसायटी गार्लिक?

दक्षिण इंग्लंडमध्ये बाग करणाऱ्यांना गुलाबी फुलांचा आणि लसणाच्या वासाचा जो झुबका दिसतो, तो बहुधा या दोहोंपैकी एक असतो. रोझी गार्लिक, म्हणजे ॲलियम रोझियम, हा भूमध्य सागराकाठचा खरा लसूणवर्गीय कंद असून तो इथे रानात रुळला आहे. सोसायटी गार्लिक, म्हणजे तुलबाघिया व्हायोलेसिया, हा दक्षिण आफ्रिकेचा. त्याच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिथल्या केप वसाहतीचे गव्हर्नर राइक तुलबाघ यांचे नाव दिले.

वास दोघांनाही असल्याने ओळख फुलावरून करावी. रोझी गार्लिकच्या पाकळ्या रुंद, सुट्या आणि पेल्यासारख्या उमलतात, तर तुलबाघियाच्या खाली जुळून बारीक नळी होते आणि टोकाला चांदणी उघडते. पहिला वसंतात फुलून उन्हाळ्यात जमिनीखाली जातो. दुसरा उन्हाळ्यातच फुलू लागतो आणि शरदापर्यंत दांडे काढत राहतो. मुळाशी उकरल्यास पहिल्याचा गोल कांदा हाती लागतो, दुसऱ्याचे जाडसर मूळखोड. वासच नसेल, तर ते रोप लसूण समजून तोंडात घालू नये, कारण झेफिरँथिससारख्या गुलाबी लिलीचे कंद विषारी असतात.

माझ्या वाफ्यात रोझी गार्लिक आधीच्या मालकांच्या काळापासून होता आणि मे महिन्यातला त्याचा फिकट गुलाबी रंग मला आजही मोहवतो. मात्र त्याच्या एका प्रकारात फुलांच्या देठांमध्येच बारीक कांद्या धरतात, आणि माझ्याकडे नेमका तोच होता. दांड्याला हात लागला की त्या ओघळतात, फरशीच्या फटीत आणि गुलाबाच्या बुंध्याशी रुजतात, आणि पुढच्या वर्षी गवतासारखी पात वर येते. ती ओढावी तर वरच्यावर तुटून हातात येते, कांदा जमिनीत तसाच राहतो, आणि त्याच्याभोवतीची पिल्ले माती हलली की आणखी पसरतात. फुलांचे कौतुक वसंतापुरते आणि निंदणी वर्षभर, हे गणित मला काही जमले नाही.

तुलबाघियाही अगदी निर्दोष आहे असे नाही. पाणी घालताना पात चुरडली की उग्र वास बराच वेळ रेंगाळतो, म्हणून तो बैठकीच्या खिडकीखाली लावू नये. कडक थंडीपेक्षाही हिवाळ्यातली ओली माती त्याला अधिक बाधते, असे मला वाटते. दक्षिणेकडच्या भिंतीलगत कुंडीत मात्र माझा झुबका उत्तम टिकला आहे. वसंतात तो विभागून शेजाऱ्यांनाही देता येतो, आणि त्याची फुले कोशिंबिरीवर छान लागतात.

ज्यांच्याकडे बर्फ बराच काळ साचून राहतो, त्यांना कदाचित रोझी गार्लिकच सोयीचा पडेल. त्यांनी फुललेले रोप पाहूनच घ्यावे. देठांत कांद्या दिसल्यास ते कुंडीतच लावावे आणि फुले सुकण्याआधी दांडे कापून कचऱ्यात टाकावेत, खताच्या ढिगात नव्हे.