कॉलेज रोडचा क्लास, फुकटचं सेंटर की अंबडची अप्रेंटिसशिप?

दर रविवारी सकाळी नाशिकच्या पंचवटीतल्या एका समाजमंदिरात मी इंग्रजी शिकवतो. शिकवतो कसला, बोलायला भाग पाडतो. बारावीचा निकाल लागला की तिथे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून येतो. यंदा तो दोघांनी विचारला. एक फुलेनगरची मुलगी, बारावी कॉमर्स, आई चार घरची धुणीभांडी करते. दुसरा पेठ तालुक्यातला, आयटीआय फिटर, सातपूरच्या श्रमिकनगरात तिघांत एक खोली करून राहणारा. "सर, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, ते फुकटचं ट्रेनिंग सेंटर बघू, का सरळ कंपनीत चिकटू?"

दोघांना मी दोन वेगळी उत्तरं दिली. तुमच्या घरात, ओळखीत असंच कुणी अडलं असेल तर त्यामागचा हिशेब उपयोगी पडेल.

क्लास

पहिली ओढ इकडेच असते. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, नाशिकरोड, जिथे जाल तिथे पाटी: तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. मी काही क्लासवाल्यांचा वैरी नाही, पण तास मोजायची सवय लावून घ्या. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी संस्था सांगते, की अगदी प्राथमिक ए-वन पातळीला साधारण ९० ते १०० तास शिकवणी लागते. रोजच्या कामापुरतं बोलण्याच्या ए-टूला १८० ते २००, आणि जरा मोकळेपणाने बोलण्याच्या बी-वनला ३५० ते ४००. आता क्लासचा हिशेब करा. रोज एक तास, महिन्याला पंचवीस दिवस, तीन महिने: ७५ तास. त्यातही बॅच चाळीस जणांची असेल आणि सरांनी तासभर तोंड उघडलंच नाही, तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. सर तोंड उघडतातच.

म्हणून फी विचारण्याआधी अर्धा तास मागच्या बाकावर बसू द्या म्हणावं. सर किती बोलतात आणि मुलं किती, एवढंच बघायचं. व्याकरणाचे तक्ते फळ्यावर उतरत असतील आणि पोरं वहीत उतरवत असतील, तर तो शाळेचाच तास आहे, फक्त एसीत.

आणि शाळेचा तास तर झालाच आहे. राज्यात जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे आजच्या अठरा वर्षांच्या पोरापोरींनी बारा वर्षं ते पुस्तक हाताळलंय. तरी शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या आसपासच इंग्रजी वाक्य वाचू शकली. वाचणाऱ्यांतल्या साधारण पाऊणांना अर्थ सांगता आला. शंभरातले बेचाळीस-त्रेचाळीस झाले. उरलेल्यांना 'स्पोकन'च्या क्लासात बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला थेट गंगापूर धरणात सोडणं. पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांची घरची बोली आदिवासी कोकणी नाहीतर वारली, मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. त्यांना आधी वाचन लागतं. ते क्लासात कुणी घेत नाही, कारण त्याची जाहिरात होत नाही.

क्लास खरा कुणाच्या कामाचा? वाचता येतं, ऐकलेलं समजतं, पण जीभ वळत नाही आणि लाज वाटते, त्याच्या. त्यानेही पहिला पगार हातात आल्यावर लावावा.

सेंटर

फुकट म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी पैसे भरलेत. ते कुणी भरलेत, हे कळलं की सेंटरची चाल कळते.

काही सेंटरं सरकारी योजनेवर चालतात. २०१५ ला सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामीण मुलांसाठी २०१४ पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, साधारण १५ ते ३५ वयाची, राहण्या-जेवणाच्या सोयीसकटही मिळू शकते. ती फक्त ग्रामीण. फुलेनगरची मुलगी तिच्यात बसत नाही, पेठचा मुलगा बसतो. मूळ नियमांप्रमाणे तीन महिन्यांच्या कोर्सला ५७६ तास, त्यांत १६० तास इंग्रजी, संगणक आणि वागण्याबोलण्याचं कौशल्य या तिन्हींना मिळून. म्हणजे एकट्या इंग्रजीला साठ-सत्तर तास मिळाले तर नशीब. क्लासपेक्षा कमीच. पण इथे त्याच वेळात बिलिंगचं मशीन, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नाहीतर हाऊसकीपिंगही शिकवतात, आणि शेवटी मुलाखतीला उभं करतात.

दुसरी सेंटरं स्वयंसेवी संस्थांची, बहुधा कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या पैशावर. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, आणि रोजगाराचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. मला स्वतःला ही सेंटरं जास्त बरी वाटतात. बॅच लहान असते आणि ताई-दादा मुलगी आली नाही तर घरी येऊन विचारतात. फुलेनगरातल्या आयांना हे 'घरी येऊन विचारणं' सर्टिफिकेटपेक्षा मोठं वाटतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दोन्हीकडे एक गोम आहे. पैसे देणारा शेवटी 'किती जणांना नोकरी लागली' हाच आकडा विचारतो. त्यामुळे कोर्स संपता संपता मुलांना जी मिळेल ती जागा दाखवायची घाई होते. आमच्या रविवारच्या एका मुलाला असंच पुण्याजवळच्या चाकणला पाठवलं. पगार ऐकायला बरा होता, पण खोलीभाडं, मेस आणि कंपनीच्या बसचे पैसे गेल्यावर हातात आलं ते सातपूरच्या हेल्परपेक्षा कमी. दीड महिन्यात परत. सेंटरच्या वहीत मात्र तो 'प्लेस्ड' होता.

त्यामुळे तिथे 'प्लेसमेंट किती टक्के' असं विचारू नका, उत्तर सगळीकडे छानच मिळतं. विचारा: मागच्या बॅचमधली तीन मुलं भेटवा, जी सहा महिन्यांनंतरही त्याच कामावर आहेत. आणि नाशिकमध्येच नोकरी हवी असेल तर ते पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहून द्या. मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, कारण नंतर घरचे नाही म्हणतात आणि दोष मुलीवर येतो.

कंपनी

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे या कारखान्यांच्या वसाहती. नाशिकच्या पोराला हा तिसरा दरवाजा जवळ असतो, आणि आयटीआयवाल्याला तर अगदी समोर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं: दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,००० रुपये महिना. याहून कमी देऊ करणारा अप्रेंटिस घेत नसून स्वस्तात माणूस शोधतोय, असं समजा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, २०२४ ची, बोली भाषेत 'लाडका भाऊ'. बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा हजार. आधी सहा महिने होते, पुढे अकरा केले. ऑफिसात बसून फाइली हलवणारं काम मिळालं तर अनुभव पातळ मिळतो, आणि बारावा महिना तुमचा तुम्हीच बघायचा असतो.

अप्रेंटिसशिपमध्येही कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही, हे पोरांना कुणी सांगत नाही. शिवाय अप्रेंटिस कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. तरी इंग्रजीसाठी शॉप फ्लोअरसारखी शाळा मी पाहिली नाही. चेकशीट, रिजेक्शन, टॉर्क, टॉलरन्स, शिफ्ट हँडओव्हर. शब्द पन्नास-साठच, पण रोज, हातात वस्तू धरून आणि चुकलं तर सुपरवायझरची बोलणी खाऊन. वर्षभरात पोरगा वर्क इन्स्ट्रक्शनचं पान वाचायला लागतो. मुलाखतीत 'मायसेल्फ' म्हणायचं मात्र सोडत नाही. ते रविवारी मी सोडवतो.

जी फी कुणी सांगत नाही

तिन्हींत खरा फरक पाडते ती बुडालेली मजुरी. फुकटच्या सेंटरला रोज चार तास गेले की मुलीला आईची दोन घरं सांभाळता येत नाहीत. सिटीलिंक बसचं भाडं वर. पेठ-सुरगाण्याच्या मुलांचं गणित आणखी कडक. दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू झाली की गावंच्या गावं तिकडे उतरतात, पुढे विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, तोडणी. सप्टेंबरात भरलेली बॅच दिवाळीपर्यंत अर्धी रिकामी होते. मग सेंटरवाले म्हणतात, पोरांना किंमत नाही. किंमत चांगली कळते, म्हणूनच जातात. ज्याला द्राक्षाचं काम सोडणं परवडणार नाही त्याने जून-जुलैची बॅच बघावी, नाहीतर विद्यावेतन मिळणारा मार्ग धरावा. पगाराशिवायचा कोर्स त्याच्यासाठी फुकट नसतोच.

नोकरीच नको, शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती असं स्वतःचं काही करायचं असेल तर हे तिन्ही सोडा आणि बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था गाठा. तिथे इंग्रजीचा प्रश्नच येत नाही, कर्जाची कागदपत्रं कशी करायची ते शिकवतात. मोबाइलवरचे इंग्रजीचे व्हिडिओ जोडीला चांगले, एकटे निरुपयोगी. व्हिडिओ तुम्हाला उलट प्रश्न विचारत नाही.

पेठच्या मुलाला मी म्हटलं, अप्रेंटिसशिप घे, अंबड नाही तर सिन्नर, पण करारावर ट्रेडचं नाव फिटर असल्याशिवाय सही करू नकोस. इंग्रजी रविवारी. मुलीला सीएसआरचं सेंटर सुचवलं, रिटेल किंवा टॅलीचं. तिला दवाखान्याच्या काउंटरवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर बसायचंय. तिथे बोलणं हेच काम असतं, त्यामुळे इंग्रजी आधी हवी. २०२७ च्या सिंहस्थासाठी हॉटेलवाले माणसं शोधतील, हे खरं. पण पर्वण्या संपल्यावर त्यातली किती ठेवतील, हेही तिने विचारून घ्यावं.

ती सेंटरवर जाऊन आली. वर्ग आवडला. अडकलंय ते दुसरीकडेच: आधारवरचा मोबाइल नंबर बंद पडलेल्या सिमचा आहे, आणि बँकेचं खातं आईच्या नावावर. बॅच सोमवारी सुरू होते. शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर आधार केंद्रावर रांगेत उभा राहणार आहे.