इसाक्वा सॅल्मन हॅचरी: जरूर जा, पण मासे खच्चून भरलेले बघून निश्चिंत होऊ नका

सिएटलच्या आसपास राहत असाल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इकडे येणार असाल तर सॅल्मन माशांची अंडी उबवून पिल्लं सोडणारी ही हॅचरी अजिबात चुकवू नका. तिकीट नाही, गावाच्या अगदी मधे सनसेट वे वर आहे, १९३६ साली बांधलेली आहे नि वॉशिंग्टन राज्याचं फिश अँड वाइल्डलाइफ खातं चालवतं. माहिती सांगायला स्वयंसेवक असतात, त्यांना बिनधास्त प्रश्न विचारा.

फिश लॅडरच्या, म्हणजे माशांना वर चढायला केलेल्या पाण्याच्या पायऱ्यांच्या, काचेपाशी जरा वेळ उभे राहा. चिनूक मासा (सॅल्मनचीच एक जात) अगदी नाकासमोर येतो, शेपटी झिजलेली, अंगावर बुरशीचे पांढरे डाग, समुद्रातून बॅलर्ड लॉक्स (सिएटलमधली समुद्र आणि तळ्यांमधली जहाजांची दारं), लेक वॉशिंग्टन, लेक समामिश असं सगळं पार करून इथवर पोचलेला असतो आणि तरी प्रवाहाच्या उलट जोर लावतच असतो. त्याच्या पाठीवर शेपटीच्या थोडं आधी बघा, तिथे एक छोटा मांसल पर असायला हवा, तो नसेल तर मासा हॅचरीतला, कारण पिल्लू सोडायच्या आधी तो कापतात, म्हणजे नंतर ओळखू येतं. अंडी काढायच्या दिवशी गेलात तर मादीचं पोट उघडून नारिंगी अंडी बादलीत काढताना आणि त्यावर नराचं वीर्य पिळताना दिसेल. लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा की हे मासे अंडी दिल्यावर तसेही मरतातच.

आता मुद्द्याचं. एवढे मासे बघून सगळे एकच विचारतात, मग सॅल्मन वाढतायत की कमी होतायत? तर दोन्ही, आणि कुठला सॅल्मन नि कुठला समुद्र ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर पॅसिफिकमधे पिंक, चम आणि सॉकाय या सॅल्मनच्या जाती मिळून १९९० ते २०१५ मधे वर्षाला सरासरी ६६ कोटींच्या वर पूर्ण वाढलेले मासे होते, १९२५ पासूनच्या नोंदींमधे एवढे कधीच नव्हते! पण त्यात दोन तृतीयांश एकटे पिंक. अलास्काच्या ब्रिस्टल बेमधे २०२२ ला जवळपास ८ कोटी सॉकाय आले, तेही एकही हॅचरी नसताना. आणि दुसरीकडे प्युजेट साउंडचा (सिएटलला लागून असलेल्या खाडीचा) चिनूक १९९९ पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, कॅलिफोर्नियात २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं समुद्रातली व्यावसायिक सॅल्मन मासेमारी बंद राहिली, अलास्का-कॅनडातल्या युकॉन नदीत तर चिनूक पकडायला २०२४ पासून सात वर्षं बंदी आहे. त्या नदीकाठच्या लोकांचं वर्षभराचं खाणंच गेलं, मला हे फार लागतं.

बरं, हॅचऱ्यांचा हात दोन्हीकडे आहे. जपान, रशिया, अमेरिका, कॅनडा, कोरिया मिळून वर्षाला साधारण ५०० कोटी पिल्लं समुद्रात सोडतात, त्यात चम आणि पिंकच जास्त, आणि समुद्रातलं खाणं काही तेवढं वाढत नाही. पिंक दोन वर्षांत मोठा होऊन परततो, ज्या वर्षी त्यांची गर्दी असते त्या वर्षी सॉकायची वाढ खुंटते हे माशांच्या खवल्यांवरच्या वाढीच्या रेषांवरून कळलंय. शिवाय हॅचरीतले मासे नदीत जंगली माशांबरोबर अंडी घालतात, त्यांची पिल्लं तगायचं प्रमाण बऱ्याचदा कमी असतं, मग हळूहळू मूळचा वाणच पातळ होतो.

तरीही इसाक्वासारखी हॅचरी बंद करा असं मी म्हणणार नाही. लाकूडतोड आणि खाणींनी इथला ओढा जवळजवळ सॅल्मनशून्य झाला होता, तो या हॅचरीमुळे परत भरला. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने इथल्या मूळ जमातींना पकडीचा अर्धा वाटा मिळाला, पण वाट्याला मासेच नसतील तर त्या हक्काचं करायचं काय? आणि कायम इथेच राहणाऱ्या ऑर्का (किलर व्हेल) तर मुख्यतः चिनूकवरच जगतात. माझं म्हणणं एवढंच की हॅचरी ही धरणं, तापलेलं पाणी आणि उजाड झालेले काठ दुरुस्त करेपर्यंतची सोय म्हणून धरा, त्या दुरुस्तीच्या बदल्यात नको.

जायचं कधी, तर चिनूकसाठी सप्टेंबर, कोहो या दुसऱ्या जातीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला सॅल्मन डेज हा गावचा उत्सव असतो, मजा येते पण मासे शांतपणे बघायचे असतील तर वीकडेला सकाळी जा. आणि जुलैमध्ये वेळ असेल तर बॅलर्ड लॉक्सच्या काचांपाशीपण जाऊन या, तिथून लेक वॉशिंग्टनचा सॉकाय वर जातो. त्याच्यासाठी त्या तळ्याला मिळणाऱ्या सीडर नदीवर २०११ पासून पक्की हॅचरी आहे, आणि तरीसुद्धा त्या तळ्यात सॉकायसाठी गळ टाकायला शेवटची परवानगी मिळाली ती २००६ मधे.