पुन्हा पुन्हा येणारी उन्हाळी: इस्ट्रिऑल क्रीम आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

पाचपैकी चार देईन. एक का कापला ते पुढे येईलच, पण हे योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन हार्मोनचं क्रीम माझ्या हातात पडायच्या आधी पाच महिने आणि चार अँटिबायोटिकचे कोर्स गेले, ते सांगितल्याशिवाय नुसत्या क्रीमबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझं वय ५३, पाळी जाऊन चार वर्षं झाली, शुगर नाही. बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास पहिल्यांदा झालं, लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी कळ आणि गेलं की चार थेंब. आमच्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात, आणि उन्हाळी म्हटलं की औषध ठरलेलं, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक, थंड पाण्यात पाय सोडून बसायचं. सगळं केलं. दोन दिवसांनी गावातल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या आणि लघवीचा आंबटपणा कमी करणारं ते गुलाबी सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. कोर्स पूर्ण केला. तीन आठवड्यांनी परत.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांकडे न जाता मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या, ही माझी चूक, आणि ती मी मोकळेपणाने सांगते कारण आपल्यातल्या किती जणी हेच करतात ते मला स्टाफरूममध्येच कळलं. जळजळ कमी झाली पण गेली नाही. म्हणजे आग नाही, पण आत सतत काहीतरी चुरचुरतंय, ओटीपोटात जडपणा, वर्गात फळ्यावर लिहिताना पण लक्ष तिकडेच. तिसऱ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि तीन दिवसांनी कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघायची तपासणी, करायला सांगितलं, रिपोर्ट आला की काहीच वाढलं नाही. मी समजले इन्फेक्शन गेलं. खरं तर अँटिबायोटिक पोटात चालू असताना दिलेल्या लघवीत जंतू वाढणार कसे, सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्यायचं असतं, हे मला खूप नंतर कळलं.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, पाठीत उजव्या बाजूला फासळीखाली ठणका आणि उलट्या. जंतू वर किडनीपर्यंत गेले होते. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शन. कुणाला जळजळीबरोबर थंडी-ताप, कमरेच्या वर दुखणं किंवा उलटी झाली तर हे पुढचं सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरोदर बाईने तर साध्या जळजळीला पण थांबू नये.

तिथे पहिल्यांदा नीट कल्चर झालं. ई. कोलाय नावाचे आतड्यातले जंतू, एक मिलिलिटरला एक लाखाच्या वर, आणि मी ज्या गोळ्या दोनदा खाल्ल्या होत्या त्यांच्यापुढे रेझिस्टंट. म्हणजे ते औषध त्या जंतूंना मारतच नव्हतं, थोडं दाबत होतं आणि मी त्याला बरं झालं म्हणत होते. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही दोन अँटिबायोटिक मात्र सेन्सिटिव्ह आली, म्हणजे लागू पडणारी. पण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीतच साठतं, किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप असताना ते चालत नाही आणि मला इंजेक्शन द्यावी लागतायत, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शांतपणे खुर्ची ओढून सांगणारे ते पहिलेच.

घरी आले. ताप गेला. परत कल्चर केलं, कोरं. आणि तरीही जळजळ!

हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. औषध संपल्यावर राहणारी जळजळ दोन प्रकारची असते आणि दोन्ही आतून अगदी सारख्याच वाटतात. एकात जंतू खरंच शिल्लक असतात, कारण औषध लागू नव्हतं किंवा लघवी पूर्ण बाहेर पडत नाही किंवा कुठे खडा आहे. दुसऱ्यात जंतू गेलेले असतात पण मूत्राशयाचं आतलं अस्तर सोललेलं राहतं आणि ते भरून यायला वेळ लागतो. या दोन्हीतला फरक नुसत्या जळजळीवरून डॉक्टरला पण कळत नाही, तो कल्चरने कळतो. मला हे माहीत असतं तर निदान एक कोर्स वाचला असता. आणि कल्चर सारखं कोरं येतंय पण लघवीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, भरपूर दिसतायत असं असेल तर आपल्याकडे टीबीची पण तपासणी करतात, ती कुणी सांगितली तर घाबरून टाळू नका.

सोलापूरला युरॉलॉजिस्टकडे गेलो. सोनोग्राफी झाली, लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते ते बघितलं, नॉर्मल. तीन महिन्यांची शुगर नॉर्मल. मग त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली? आतून कोरडेपणा वाटतो का? मी यांच्याकडे बघितलं, हे खिडकीबाहेर. पाच महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता आणि मीही आपण होऊन बोलले नव्हते, कारण लघवीच्या जळजळीचा आणि पाळी जाण्याचा काय संबंध असं मला वाटायचं. संबंध आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे योनीमार्गाची आणि लघवीच्या वाटेची त्वचा पातळ, कोरडी होते. तिथे जे चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू राहतात आणि जागा आंबट ठेवतात ते निघून जातात, आंबटपणा गेला की शौचाच्या जागेवरचे ई. कोलाय तिथे वस्तीला येतात, आणि तिथून मूत्राशय बोटभर लांब. आपण कितीही स्वच्छ राहिलो तरी हे होतं. मी पाच महिने स्वतःला अस्वच्छ समजत होते, दिवसातून चार-चार वेळा साबणाने धूत होते, आणि त्या साबणाने कोरडेपणा अजूनच वाढत होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून इस्ट्रिऑल क्रीम लिहून दिलं. रोज रात्री अर्धा ग्रॅम, दोन आठवडे. मग आठवड्यातून दोनदा. माझे वार सोमवार आणि गुरुवार, कॅलेंडरवर खूण करते. पंधरा ग्रॅमची ट्यूब, पहिली दोन महिने आणि वर थोडे दिवस पुरली, नंतरची तीन महिन्यांहून जास्त.

पहिले दहा दिवस वाईट गेले. लावलं की तिथेच आग, पाचव्या रात्री मी ट्यूब कपाटात टाकून दिली होती. बाईंना फोन केला तर म्हणाल्या त्वचा पातळ झालीय म्हणून झोंबतंय, आठवडाभर काढा. खरंच तिसऱ्या आठवड्यात झोंबणं थांबलं. क्रीम सकाळी थोडं बाहेर येतं, पातळ पॅड लावावं लागतं. अ‍ॅप्लिकेटर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा. छाती थोडी भरल्यासारखी वाटली दोन-तीन आठवडे, मग गेली.

ट्यूबबरोबरचा कागद वाचून मात्र मी घाबरले. त्यात कॅन्सर, रक्ताच्या गाठी सगळंच लिहिलंय. बाईंनी सांगितलं की पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचे इशारे यावर पण छापतात, इतक्या कमी डोसचं क्रीम जागच्या जागी काम करतं, रक्तात फार थोडं जातं. पण ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि पाळी गेल्यावर परत अंगावरून रक्त जात असेल तर आधी त्याची तपासणी, मग क्रीम. म्हणून मेडिकलमधून आपापलं आणून सुरू करू नका, एवढी विनंती.

आता फरक. महिन्याभराने कोरडेपणा कमी झाला. सतत चुरचुरणं साधारण सहाव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की नाहीये, दुपारची सुट्टी होऊन गेली आणि मला आठवणसुद्धा झाली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन रडले मी. आठ महिन्यांत इन्फेक्शन एकदाच, जूनमध्ये, लातूरच्या लग्नात दिवसभर पाणी न पिता बसले होते तेव्हा. गोळीच्या आधी कल्चर दिलं, फॉस्फोमायसिनचं एक पाकीट, संपलं. सप्टेंबरमध्ये परत जळजळ झाली, कल्चर कोरं आलं, डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिक नको, पाणी प्या आणि थांबा. चार दिवसांत आपोआप गेली. आधीची मी असते तर अजून एक कोर्स झाला असता.

लेक पुण्यात बी.फार्म करते, तिने मला सांगितलं की १९९३ मध्येच ९३ बायकांवर हेच इस्ट्रिऑल आठ महिने वापरून बघितलंय, पाळी गेलेल्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायका, क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी अर्धं इन्फेक्शन आणि नुसतं औषध नसलेलं क्रीम लावलेल्यांना जवळजवळ सहा. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट! आणि मला पाच महिने कुणी बोललं नाही. कापलेला एक मार्क त्याचा नाही, तो क्रीमच्या संथपणाचा. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि झोंबणारे पहिले दहा दिवस कुणी आधी सांगून ठेवत नाही, त्यामुळे बायका तिथेच सोडून देत असणार.

बाकी जे जे केलं ते थोडक्यात. डी-मॅनोज, एक प्रकारची साखरेची पावडर, तीन महिने घेतलं, पैसे गेले, मला काही फरक नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर सहा महिने रोज देऊन बघितलं तर डी-मॅनोजवाल्यांत ५१ टक्के आणि साध्या पावडरवाल्यांत जवळपास ५६ टक्के जणींना परत झालं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. क्रॅनबेरी या परदेशी आंबट फळाला थोडा आधार आहे, २०२३ मध्ये ५० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिस्सा कमी दिसला, पण बाजारातल्या गोड ज्यूसने ते होईल असं धरू नका. मी कॅप्सूल घेते, कंटाळा आला की सोडते. ते गुलाबी सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही, मी त्याच्या कितीतरी बाटल्या प्यायले. मिथेनमाइन नावाची अँटिबायोटिक नसलेली गोळी डॉक्टरांनी राखून ठेवलीय, परत वाढलं तर. ती आंबट लघवीतच काम करते, आणि ते सिरप आंबटपणा घालवतं, म्हणून तिच्याबरोबर ते प्यायचं नाही.

पाण्याचं मात्र खरं आहे. बल्गेरियात १४० बायकांवर वर्षभर अभ्यास झाला, कमी पाणी पिणाऱ्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर जास्त प्यायला दिलं, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या पाळी चालू असलेल्या बायका होत्या, तरी मी ते मनावर घेतलं. पण पाणी प्यायचं म्हणजे जायची सोय हवी. वर्गात पोरं करंगळी वर करून एकीला जाऊ का विचारतात आणि आम्ही लगेच सोडतो, आणि आम्ही बायका मात्र सकाळी घरून निघताना जाऊन येतो ते संध्याकाळी घरी येऊनच. आमच्या शाळेत बायकांच्या संडासाला कडी नव्हती, पाणी नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही चौघी पाणी न पिता राहिलो आणि त्याला सवय म्हणत होतो. ऑगस्टमध्ये आम्ही मुख्याध्यापकांसमोर बसून स्पष्ट बोललो, लघवी हा शब्द त्या खोलीत मोठ्याने उच्चारला, आणि पंधरा दिवसांत कडी लागली, टाकीचा पाइप आला. आता माझी बाटली टेबलावर असते, दुपारच्या सुट्टीपर्यंत एक संपते.

सॅम्पलबद्दल एक राहिलं. पहिली धार सोडून मधली घ्यायची, निर्जंतुक डबीत, आणि दोन तासांत लॅबला. नाही जमलं तर फ्रीजमध्ये. आमच्या गावातून बार्शीला एसटीने पाऊण तास, रविवारी लॅब बंद, म्हणून सप्टेंबरमध्ये मी डबी पिशवीत घालून, वर स्टीलच्या डब्यात बंद करून फ्रीजच्या दारात ठेवली. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही, देवाचं दूध असतं त्याच फ्रीजमध्ये. मी त्यांना सगळं समजावलं, जंतू, पाळी, कोरडेपणा, क्रीम. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मला तर हे वीस वर्षं आहे गं, उन्हाळी म्हणून सोडून दिलं, कुणाला सांगणार.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आधी नको नको म्हणाल्या, दिवाळी झाल्यावर स्वतःच विचारलं कधी जायचं. परवा दोघी एसटीने बार्शीला गेलो, बाईंनी तपासलं, त्यांची डबी लॅबला दिली. रिपोर्ट गुरुवारी आहे.