१०६४ आणि लोकायुक्त: कोकणातल्या तक्रारदाराच्या किती उपयोगाचे?

गणपतीला चार दिवसांची रजा काढून गावी आलेल्या चाकरमान्याची वारस नोंद नेमकी रजेच्या शेवटी अडते. सातबाऱ्यावर पंधरा-वीस समाईक नावं, निम्मे खातेदार मुंबईत, आणि टेबलापलीकडून एकच वाक्य येतं, "वरचं बघावं लागेल." मुळात फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस सोडावेच लागतात. त्यामुळे पैसे घेऊन परवा नोंद लावून देतो म्हणणारा एजंट कायद्यात नसलेली गोष्ट विकत असतो. अशा वेळी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक खरोखर उपयोगी पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ताज्या मागणीसाठी ही सेवा उत्तम आहे. बाकीच्या तक्रारींसाठी तिच्याकडून फार लवकर काही होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

कोकणातले जिल्हे विभागाच्या ठाणे परिक्षेत्रात येतात आणि प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र पथक आहे. मंडणगड-दापोलीकडच्या माणसाला रत्नागिरी गाठण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून आधी १०६४ वर फोन करून पथकाशी बोलणं आणि मग ठरल्या वेळी जाणं सोयीचं. जाताना मूळ अर्जाची पोच, आवक क्रमांक, आधार कार्ड आणि मागणी कधी, कुठे, कोणासमोर झाली याचं टिपण हवं. आवक क्रमांक नसला तर काम प्रलंबित होतं हे दाखवणंच जड जातं, आणि तिथूनच बचाव पक्षाला वाट मिळते. गावच्या पोलीस ठाण्यात, सरपंचाकडे किंवा भावकीत आधी बोलू नये. तालुक्याच्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते.

लेखी तक्रारीनंतर थेट सापळा लागत नाही, आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराकडे डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो, सोबत दुसऱ्या खात्यातला शासकीय पंच असतो. सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच ढिली पडतात. घाबरलेला माणूस आत शिरताच "किती देऊ साहेब?" असं विचारून बसतो, आणि पुढे उलटतपासणीत "पैसे यानेच पुढे केले" हा मुद्दा उभा राहतो. त्याऐवजी "माझ्या अर्जाचं काय झालं?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. आकडा समोरच्याने बोलायला हवा. बोटं दाखवून किंवा कागदावर लिहून आकडा सांगितला, तर तो आपल्या तोंडून उच्चारून घ्यावा: "पाच म्हणजे पाच हजार ना?" नुसती मागणी करणं हाही गुन्हाच आहे. संशय येऊन त्याने पैसे घेतले नाहीत म्हणून प्रकरण संपत नाही.

सापळ्याची रक्कम तक्रारदारालाच आणावी लागते. विभाग ती नंतर भरून देतो, पण दुसऱ्या दिवशी मिळेल अशी आशा धरू नये. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवले जातात आणि नोटांवर अँथ्रासीन पावडर लावतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. अतिनील दिव्याखाली मात्र तिची निळसर चमक उठते, मग ती बोटांवर असो, खिशाच्या अस्तरावर किंवा टेबलाच्या खणात. म्हणून पावडर लावलेल्या नोटा ठेवल्या की त्या खिशाला तक्रारदाराने पुन्हा हात लावायचा नाही, आरोपीशी हस्तांदोलन करायचं नाही आणि मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. "तिकडे शिपायाकडे दे" किंवा "या नंबरवर टाक" असं सांगितलं तरी बिघडत नाही, कारण दुसऱ्यामार्फत घेतलेली लाच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ मध्ये येतेच. पैसे स्वीकारले की ठरलेली खूण करायची, बस. पथकाचं काम या टप्प्यापर्यंत शिस्तीत चालतं. या भागाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

आधीच पैसे दिलेल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. याच कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होऊ शकतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तर संरक्षण मिळतं. पहिला हप्ता शिमग्याला देऊन दुसऱ्या हप्त्याच्या वेळी गणपतीत तक्रार करणारे इथे अडकतात. पथकाला कळवून सापळ्यात दिलेली रक्कम मात्र गुन्हा ठरत नाही.

स्वतःच्या फोनवर संभाषण टिपलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्यावी. व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवून मूळ पुसून टाकणं हा घातक प्रकार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि फाइल मुळात कोणत्या यंत्रावर होती हे तिथे विचारलं जातं.

सेवा कमी पडते ती सापळ्यानंतर. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की कर्मचारी निलंबित मानला जातो, हे लगेच दिसतं. पण खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायद्यात त्यासाठी तीन महिने आणि कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर आणखी एक महिना दिला आहे. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, मुदतवाढी धरून जास्तीत जास्त चार वर्षं. मुंबईत नोकरी करणाऱ्या तक्रारदाराने एवढ्या काळानंतर साक्षीसाठी जिल्ह्याच्या कोर्टात यायचं असतं. तोवर दोन्ही घरांत सोयरीक जुळलेली असते, नाहीतर गावकीतून दबाव आलेला असतो, आणि साक्षीदार फितूर होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतो. तरीही शपथेवर नीट दिलेल्या साक्षीची जागा दुसरं काही घेत नाही. तारखेला येण्याची तयारी आहे का, हे तक्रार देण्याआधीच घरात बसून ठरवावं.

आता कामातल्या गैरव्यवहाराबद्दल. कागदावर पूर्ण झालेला साकव, अर्ध्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा, बिल निघालेली पण पाणी नसलेली नळयोजना. इथे लाच घेताना कोणी सापडत नाही, म्हणून सापळा कामाचा नाही. अधिकाऱ्याच्या निर्णयाशी जोडलेल्या आरोपांची चौकशी करायला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ ची पूर्वपरवानगी लागते, आणि फाइल तिथेच बसते. अशा प्रकरणात आधी माहिती अधिकार वापरावा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. "झालेल्या भ्रष्टाचाराची माहिती द्यावी" असं लिहू नये. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक आणि काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती मागाव्यात. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची, मोजल्याची तारीख आणि सही असते. तिच्याशेजारी टेप लावून काढलेला फोटो ठेवला की वेगळा युक्तिवाद लागत नाही. माहिती अधिकार कायद्याखालीच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फारसं कोणी वापरत नाही. मोजणी मेअखेर करून ठेवावी. मृग लागला की "पुरात वाहून गेलं" हे उत्तर तयार असतं.

हे कागद घेऊन लोकायुक्तांकडे, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या राज्याच्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं. महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा. तक्रारीसोबत शपथपत्र लागतं. कामातल्या दिरंगाईची किंवा अन्यायाची तक्रार असेल तर ती कळल्यापासून १२ महिन्यांत, आणि भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर कृती घडल्यापासून तीन वर्षांत करावी लागते. त्यामुळे माहिती अधिकाराच्या अपिलांत दोन वर्षं घालवणाऱ्यांनी कॅलेंडरकडे लक्ष ठेवावं. लोकायुक्तांचा अहवाल शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, त्यांना शिक्षा देता येत नाही. पण खात्याला लेखी खुलासा करावा लागतो, आणि वर्षभर "पाहतो" म्हणणारं कार्यालय अशा पत्रानंतर फाइल शोधून काढतं. अडलेल्या दाखल्यासाठी हा रस्ता लांबचा आहे. त्यासाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करावं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.