पाठीवरचे दहा आंबे: दोन मध्यम काडतुसांचे परीक्षण

पायदळातल्या नोकरीत मी तीन प्रकारची रायफल काडतुसे वापरली: सुरुवातीला एसएलआर या जुन्या रायफलीचे ७.६२ × ५१, पुढे इन्सास रायफलीचे ५.५६ × ४५ आणि काश्मीरमधल्या दोन खेपांत एके-४७चे ७.६२ × ३९ (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा आणि दुसरा दारू भरलेल्या पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये). यांतले पहिले पूर्ण ताकदीचे काडतूस आहे. ज्यांना ‘मध्यम’ म्हणतात, म्हणजे ताकदीने पिस्तुलाच्या आणि पूर्ण ताकदीच्या काडतुसाच्या मधली, ती नंतरची दोन, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यांचेच आहे. निवृत्त होऊन लांजा तालुक्यातल्या गावी आल्यापासून आंब्याच्या हंगामात पेट्या उचलताना मला या काडतुसांची वारंवार आठवण येते, कारण त्यांच्यातला खरा फरक मला वेगाच्या किंवा ऊर्जेच्या आकड्यांनी कळला नव्हता. तो पाठीने सांगितला होता.

एसएलआरचे एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे, एके-४७चे सव्वासोळा ग्रॅमचे आणि ५.५६चे बारा ग्रॅमचे असते. हातात एकेक घेतले तर हा फरक कोणी मोजत बसणार नाही. पण २१० काडतुसे घेऊन चढण चढायची असेल, तर हेच वजन अनुक्रमे पाच किलो, साडेतीन किलोच्या जरा खाली आणि अडीच किलो होते. पाव किलोचा एक हापूस धरला, तर वीस आंबे, चौदा आंबे आणि दहा आंबे. मॅगझीनचे वजन यात धरलेले नाही. ज्याने पावसात निसरड्या कातळावरून डोक्यावर पेटी घेऊन उतरण उतरली आहे, त्याला चार आंब्यांचा फरक म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता गोळीच्या प्रवासाकडे वळतो. ७.६२ × ३९ची गोळी सुमारे ७.९ ग्रॅमची असून ती एकेच्या ४१५ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला ७१५ मीटर वेगाने निघते. ५.५६ची एसएस-१०९ ही गोळी जेमतेम चार ग्रॅमची, पण ५०८ मिलिमीटरच्या नळीतून तिचा वेग ९४०च्या आसपास असतो. दोन्ही रायफली १०० मीटरवर झिरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशा जुळवल्या, तर ३०० मीटरवर ५.५६ची गोळी नेमाच्या खाली ३० ते ३५ सेंटिमीटर लागते आणि ७.६२ची सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या गोळीसाठी नेम थोडा वर धरला तरी भागते, तर दुसऱ्या गोळीसाठी अंतराचा अंदाज पक्का असावा लागतो आणि तो चुकला तर गोळी पायाशी माती उडवते. नव्या जवानाच्या हाती या दोहोंपैकी एक द्यायची झाल्यास, केवळ या कारणासाठी मी ५.५६ देईन.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र फौजेतही एक गैरसमज मुरलेला आहे. जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही आणि हलकी गोळी वाहवत जाते, असे जुने लोक छातीठोकपणे सांगत आणि मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. वस्तुस्थिती उलट आहे. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असताना ३०० मीटरवर ५.५६ची गोळी सुमारे ३० सेंटिमीटर सरकते, तर ७.६२ × ३९ची सुमारे ४० सेंटिमीटर. हवा गोळीचा वेग किती खाते, यावर वाऱ्याचा परिणाम ठरतो. नुसत्या वजनावर ठरत नाही, आणि एकेची आखूड, जाड गोळी आपला वेग लवकर गमावते.

मग एकेच्या काडतुसाला आजही एवढा मान का, याचे उत्तर गोळीत नाही, पुंगळीत आहे. ही पुंगळी बुडाकडून तोंडाकडे स्पष्टपणे निमुळती होत जाते. तिच्यामुळेच एकेचे मॅगझीन कोयत्यासारखे वाकलेले असते. बार झाल्यावर फुगलेली पुंगळी जराशी मागे सरकली की लगेच चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीपासून सुटते; चेंबरमध्ये माती असो की गंज, ती बहुधा अडकत नाही. ५.५६ची पुंगळी जवळजवळ सरळ असल्याने चेंबर स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत तिचे लाड करावे लागतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात याला फार अर्थ आहे. पितळी पुंगळीवर हिरवट डाग धरतात. ते कोरड्या चिंधीने पुसायचे असतात आणि त्यावर तेल कधीही लावायचे नसते, कारण तेल कॅपमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, झिरपले की बार होत नाही. एका पावसाळी छावणीत मी नेमके हेच केले होते. पेटी चकचकीत दिसावी म्हणून तेलाचा बोळा फिरवला, आणि फायरिंग रेंजवर तीन काडतुसांचा नुसता ‘टक्’ असा आवाज आला. त्यानंतर उस्तादांनी काय केले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. पोलादी पुंगळीवर लाखेचा थर असलेली परदेशी काडतुसे आणखी नाजूक असतात; थर खरवडला की तेथूनच गंज सुरू होतो.

५.५६बद्दल माझी खरी तक्रार एकच आहे. तिचे सारे बळ वेगात आहे, आणि हल्ली प्रत्येकाला तोकडी नळी हवी असते. नळी ५०८वरून ३६८ मिलिमीटरवर आणली की सेकंदाला पन्नासेक मीटरचा वेग जातो, त्याहून तोकडी केली तर शंभराच्यावर जातो. एवढे केल्यावर गोळीत दम नाही म्हणून बोंब मारणे बरोबर नाही. ७.६२ × ३९ला तोकडी नळी तुलनेने मानवते.

रशियाचे ५.४५ × ३९ आणखी हलके, पण ते मी कधी चालवले नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. आपल्या सैन्याने मात्र मधली वाट अर्धी सोडली आहे: २०१९मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींची मागणी नोंदवली ती पूर्ण ताकदीच्या ७.६२ × ५१ची, आणि अमेठीजवळच्या कोरव्यात बनणारी एके-२०३ पुन्हा ७.६२ × ३९ची. डोंगरात लांबचा मार हवा म्हणून पहिला निर्णय मला पटतो. त्यासाठी वीस आंबे वाहावे लागतील, हे ठरवणाऱ्यांनी लक्षात घेतले असेल अशी आशा आहे.

वाडीतल्या शेजाऱ्यांचा एक प्रश्न दर वर्षी येतो: “सुभेदार, डुकरांसाठी यातली एखादी मिळंल काय हो?” मिळणार नाही. ही दोन्ही काडतुसे नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, आणि रानडुकराला मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. शिवाय या गोळ्या दोन किलोमीटरहून लांब जाऊ शकतात, आणि आमच्या बागेच्या खालच्या गडग्यापासून पुढची वाडी चारशे पावलांवर आहे.