सातेरीची पेटी घेताय? हमी संपायच्या आत मधली फ्रेम उचलून बघा

सातेरी म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी. चार फ्रेमची (फ्रेम म्हणजे पोळं धरणारी लाकडी चौकट) सातेरीची वसाहत ५,५०० रुपये, पेटी आणि स्टँड २,४००, गाडीभाडं ८००. एकूण ८,७०० रुपये गेले आणि हातात आली राणी नसलेली पेटी. रानातलं पोळं कापायचं, फ्रेमना बांधायचं आणि 'बसलेली वसाहत' म्हणून विकायचं, हा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता.

विकणाऱ्याने पेटी दिली ती अंधार पडताना. त्यात वावगं काही नाही. चरायला गेलेल्या माश्या परतल्या की दार बंद करूनच पेटी हलवतात. पण झाकण उघडलं तेव्हा टॉर्चच्या उजेडात फ्रेमवरचा दोरा दिसला होता. पांढरा, कोरा, गाठसुद्धा तशीच. बसलेली वसाहत पोळं वरच्या पट्टीला मेणाने जोडून घेते आणि दोरा कुरतडून टाकते. कोरा दोरा म्हणजे नुकतीच केलेली पकड. तिथूनच परत फिरायला हवं होतं. दोरा पाहूनही मी स्कॅन करून पैसे पाठवले, याचीच जास्त चीड येते.

वर त्याने सांगितलं, "दादा, दहा दिवस पेटी उघडू नका, माश्या पळतील." सातेरी पळतेच, म्हणून पटलं. कोणालाही पटलं असतं. आणि हमी किती दिवसांची? आठ! राणी नसेल तर कामकरी माश्या अगदी कोवळ्या अळीपासून नवी राणी घडवतात. चौथ्या दिवशी कळलं असतं तर दुसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक फ्रेम देऊन वसाहत वाचवता आली असती. बाराव्या दिवशी उघडली तर पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली. राणी घरात एकच अंडं घालते, तळाला. ही अंडी कामकरी माश्यांची. त्यांतून फक्त नर निघतात. अंडी बघायची तर दिवसाच, ऊन पाठीवर घेऊन. निम्मे पैसे अंडी दिसल्यावरच द्या.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. "माश्या उडाल्या, त्यात गुन्हा कसला?" पावती मागितली, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट चालत नाही म्हणे. कृषी कार्यालयाने खादीवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी 'खासगी व्यवहार' म्हणून हात झटकले. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. अर्ज घ्यायलासुद्धा कोणी तयार नाही! कागदावर 'राणीसह वसाहत' एवढे दोन शब्द लिहून घेतले असते तर निदान अर्ज तरी घेतला असता. तुम्ही लिहून घ्या, सहीसकट.

महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण मिळतं. पेटी घेण्याआधी ते करा. ओळखीच्या मधपाळाला सोबत न्या. विणीच्या हंगामात मूळ वसाहतीतून फुटून निघालेली वसाहत त्याच्याकडूनच मिळाली तर उत्तम.

माश्या गेल्यावर पोळी तशीच ठेवू नका. मेणकिड्याने दोन पोळ्यांत जाळी करून टाकली होती. उरलेली वितळवली, मेण भरलं ८० ग्रॅम.