गावाचा माग काढायचाय: टोपोशीट की सर्व्हे प्लॅन?

गोव्यातल्या डोंगराकडच्या गावांसाठी माझं मत जुन्या टोपोशीटला, म्हणजे चढउतार आणि वाटा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. पायवाटा, देवळं, ओहोळ एका नजरेत दिसतात. सांगे तालुक्यातलं कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलं. धरणाआधीची शीट मिळाली तर मे महिन्यात पाणी ओसरल्यावर ती घेऊनच तिथे फिरावं. उघड्या पडलेल्या जोत्यांमधून वाट कुठे जायची ते कळतं.

खाजनांत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांत, मात्र हीच शीट आंधळी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने, आणि खाजन तर भरतीच्या पातळीखालचं! तिथे गावाचा सर्व्हे प्लॅन, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांच्या हद्दींचा नकाशा, काढावा. बांधालगतचे चिंचोळे तुकडे त्यात सुटे दिसतात. सोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदीचा कागद, हवाच, कारण त्यात कब्जेदार आणि कुळासाठी रकाने असतात, शिवाय शेताच्या नावाचाही. गावातल्या म्हाताऱ्यांना सर्व्हे नंबर विचारून उपयोग नाही. शेताचं नाव घ्या, मग बघा कसे बोलायला लागतात.

चढउतार मात्र प्लॅनवर शोधू नका. आणि हे गोवा मुक्तीनंतरचं रेकॉर्ड. पोर्तुगीज काळातल्या जमिनीसाठी जुनी दप्तरंच उघडावी लागतात.